दारातून दिसणारी अक्षरं

अण्णा गेल्याचं मला कॉलेजातून परतल्यावर चाळीच्या जिन्यातच कळलं. त्याला आता महिना झाला. लालबागला आमच्या चाळीजवळच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते आणि आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. पुढचं लिहावं की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं... दादाला आणि वहिनीला विचारूनच लिहितो आहे.

दादा गिरणीत कामाला. दोन वर्षांपूर्वी त्याला लघवीला जळजळ होऊ लागली, पू जाऊ लागला. उष्णता झाली म्हणून तो आठवडाभर सब्जाचं पाणी पीत राहिला. शेवटी अण्णांनीच ओळखलं आणि त्याला डॉक्टरांपुढे उभं केलं. परमा निघाला, बाहेरच्या संबंधातून लागणारा गुप्तरोग. पेनिसिलिनच्या इंजेक्शनांनी दादाला आराम पडला, तो सुटलो म्हणाला. पण अण्णा त्याला सोडेनात.

"आता सूनबाईंना आण."

"तिला काही होत नाहीये, अण्णा."

"बायकांना बरेचदा जाणवतच नाही रे! आजार आत राहतो, पुढं मूल राहणं अवघड होतं. शिवाय तिच्याकडून तुला परत होईल."

घरात आई मूल व्हावं म्हणून वहिनीला उपास करायला लावत होती.

"तिला काय सांगू?"

"खरं. इंजेक्शन आम्ही देऊ, सांगायचं मात्र तूच."

त्याच सुमारास अण्णांनी मला दवाखान्यासाठी एक पाटी लिहायला बसवलं : परमा बरा होतो, नवराबायको दोघांनी औषध घ्यावं. मी 'परमा' अगदी बारीक लिहिलं. अण्णा हसले. "काय रे कॉलेजवाल्या, संयुक्त महाराष्ट्र लिहिताना भिंत पुरत नाही तुला. इथंच हात आखडला होय?" आणि त्यांनी स्वतःच ब्रश घेऊन तो शब्द जाड गिरवला. "दारातून दिसायला हवा. आत यायची लाज वाटते माणसाला."

दादानं सांगितलं. वहिनी पंधरा दिवस त्याच्याशी बोलली नाही, पण दवाखान्यात गेली. मूल अजून नाही. होईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. अण्णा गेले त्या दिवशी ती मला म्हणाली, "भाऊजी, ते नसते तर मी जन्मभर दोष माझाच समजले असते."

परवा आईचं औषध आणायला गेलो. अण्णांच्या स्टुलावर कुणी नवे गृहस्थ होते. पाटीवरचा तो शब्द पुसट झालेला... घरी येऊन मोर्च्याच्या फलकांचा ब्रश शोधू लागलो. वहिनीनं विचारलं, कशाला? मी चाचरत सांगितलं. तिनं फळीवरची रंगाची डबी काढून माझ्या हातात दिली.

"मोठं लिहा हं," ती म्हणाली.