कवळीला मानवेल असा माउथपीस

वरचे दात काढून कवळी बसवली तेव्हा डॉक्टरने विचारलं, चावायला त्रास होतो का. मी म्हटलं, चावायचं राहू दे, फुंकायचं काय ते सांगा. तो हसला. मला हसू आलं नाही.

मी युफोनियम वाजवतो. पोटाशी धरायचं पितळी वाद्य, आवाज जाड, खालचा. आमच्या गावच्या ख्रिस्ती बँडात लग्न, चर्चच्या सणाचं फेस्त, मयत, सगळीकडे वाजवलं. शाळा चौथीत सुटली. म्हणून हे लिहितोय तेही बोलल्यासारखंच.

बायको गेल्या पावसात गेली. आमच्या बँडात रीत आहे, ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने मयतीला वाजवायचं नाही, मेणबत्ती धरून चालायचं. मी चाललो. बाकीच्यांनी वाजवलं. खालचा सूर नव्हता, छपराचा वासा काढून घेतल्यासारखं ते गाणं वाटत होतं. घरच्याने वाजवायचं ते वर्ष भरल्यावरच्या मीसला. चर्चमधली प्रार्थना आटपली की मागच्या सिमित्रीत कबरीजवळ एक संथ गीत वाजवतात. तिच्यासाठी तेवढंच करायचं राहिलं होतं, आणि मध्येच दात गेले.

जुना माउथपीस लावून बघितला. त्याची कडा बारीक. दात होते तोवर तीच बरी होती, सूर नेमका लागायचा. आता ती ओठ दाबून कवळीवर बसते, कवळी हलते, सूर गेला. शिवाय त्याचा वरचा चांदीचा मुलामा पार उडालेला. ते काम बायकोचं. आमच्याकडे पितळ घासायला कोकमाची सोलं घेतात. तांब्या-घागरीबरोबर ती माझा माउथपीसही मोरीवर घेऊन बसायची.

"सोलां लावू नको गो. वरचो मुलामो जाता."

"कळकटलेलो तोंडाक लावतलंस? लोक माका हसतले."

"लोक आवाज ऐकतत. माउथपीस कोण बघता?"

"आवाज माका ठाऊक आसा. वाजवत पाणंदीत शिरलंस काय हयसून कळता, तूच तो. आता गप ऱ्हव."

मुलामा गेल्यावर उघडं पितळ लागून ओठ सुजायचा. तिला वाटे जास्त फुंकून सुजला, मग खोबरेल घेऊन यायची. असा आमचा संसार.

बँडमास्तर माझ्या मुलाच्या वयाचा. कणकवलीच्या डेपोत गाड्या दुरुस्त करतो. मीस जवळ आलं तसा एका रविवारी बिस्किटाचा डबा घेऊन आला. डब्यात माउथपीस, फडक्यात गुंडाळलेले.

"काकानू, तोंड बदलला. माउथपीस नको बदलूक?"

"तोंड माझाच आसा."

"दात तुमचे नाय मा."

फुंकायला बसलो.

पहिला मोठा, ओठ टेकतात ती वाटी खोल. आवाज असा भरून आला की माझंच मला बरं वाटलं. दुसऱ्याची वाटी उथळ. दम पुरला, पण आवाज चिरका.

"ह्यो कोणाचो बकरो?" मी विचारलं.

"ठेवा तो खाली," तो म्हणाला.

तिसऱ्याची वाटी मधली, कडा रुंद आणि गोल. ओठाला टोचेना, कवळी जागेवर राहिली. आवाज बरा होता. माझा नव्हता.

"पयलोच दी," मी म्हटलं.

"खुर्चेर बसान सगळेच बरे वाजतत. कबरीकडे उभ्यान वाजवचा आसा, त्याच्या आधी चर्चमधली गाणी. दमल्यार काय वाजता ता बघूक होया."

त्याने मला वाजवत विहिरीपर्यंत चालवलं आणि परत आणलं. मग पहिला लावून ते गीत वाजवायला सांगितलं. निम्म्यावर श्वास संपला. ओठ नुसता फरफरला. मी पायरीवर बसलो. तिसऱ्याने मात्र गीत शेवटापर्यंत गेलं.

"ह्यो आवाज तिका वळखूचो नाय," मी म्हटलं.

तो डबा बंद करत होता. मान वर न करता म्हणाला, "आणि अर्ध्यात बंद पडलात तर तिका वळखाक येतला?"

तिसरा ठेवून घेतला.

मीसच्या दिवशी तोच लावला. कबरीजवळ उभं राहिल्यावर गुडघे दुखत होते, हेच जास्त आठवतं. शेवटच्या कडव्यात ओठ थकला तेव्हा वरचे सूर सोडून दिले, ते बाकीच्यांनी उचलले. खालचा सूर धरून राहिलो. गीत पुरं झालं. पाद्री पुढे झाले, लोक फुलं ठेवू लागले. बँडमास्तरने माझ्या हातातून वाद्य घेतलं.

घरी येऊन सवयीने माउथपीस मोरीवर ठेवला आणि आडवा झालो. संध्याकाळी चहाची भांडी धुवायला गेलो तर तो तिथेच, तसाच ओला. साबणाच्या पाण्याने धुतला, पुसला, फडक्यात गुंडाळला. याचा मुलामा नवा आहे.

मग जुना काढला. त्याचं आता जाण्यासारखं काही राहिलेलं नाही. फळीवर बरणीत तिने वाळवलेली सोलं होती. दोन भिजवली आणि घासत बसलो.