सोफ्यावरचा लोंगर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे हसलात की चहा नाकात जातो. माझ्या हातून जे झालंय ना, ते विरारजवळच्या नंदाखालला अजून लग्नाच्या पंगतीत सांगतात!

आमच्या भावोजींची तिथे केळीची वाडी आहे. गेल्या वर्षी एका केळीला असा लोंगर आला, म्हणजे अख्खा घड हो, की शेजारपाजारचे बघायला यायला लागले. भावोजींनी त्याला बांबूचा टेकू दिला, वटवाघळं नकोत म्हणून जाळी बांधली. पोरीलासुद्धा एवढं जपलं नसेल. तालुक्यात स्पर्धा होती. लोंगराचा फोटो वेबसाइटवर चढवायचा, संध्याकाळी सहाच्या आत.

भावोजी म्हणाले, "सुधीर, तू दिवसभर कॉम्प्युटरवर असतोस. तेवढं कर."

"पाच मिनिटांचं काम!" मी म्हटलं.

विरारला घरी लॅपटॉप उघडला, तर ब्राउझर आपला आपण अपग्रेड झालेला. बटणं सगळी जागा सोडून बसलेली. मधेच एक चौकट उगवली, काहीतरी विचारायला लागली. वाचायला वेळ कुणाला? 'ब्लॉक' दाबून तिला घालवली आणि भावोजींनी फोनवर काढून पाठवलेला फोटो टाकला.

गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय... आणि कोरं पान!

मग मी पेटलो. कॅशे उडवली, त्याबरोबर बायकोचे पासवर्डही उडाले. लॅपटॉप बंद केला, चालू केला. राउटर उपटला. फोटो लहान केला, आणखी लहान केला, शेवटी लोंगर मिरचीएवढा दिसायला लागला. खुर्चीत बूड टेकेना माझं!

"अहो, काय लिहिलंय ते वाचा तरी," बायको स्वयंपाकघरातून.

"तू मधे बोलू नकोस!"

इकडे भावोजींचे फोन. "झालं का रे?"

"होतंय!"

"झालं?"

"होतंय म्हटलं ना!"

तेवढ्यात पानावर दुसरं बटण दिसलं: थेट कॅमेऱ्याने फोटो काढा. बस्स! म्हणजे खोट फोनच्या फोटोतच आहे! पण आमच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, वायर काढली की डोळे मिटतो. तो वाडीत जाणार कसा? मग वाडीनेच त्याच्याकडे यायला नको?

"भावोजी, लोंगर तोडा आणि घेऊन या!"

"तोडू? अरे, केळ एकदाच व्यायते. नियमात बसतं ना?"

"बसतं हो! वाचलंय मी सगळं!"

एक ओळ वाचली असेल तर शपथ.

भावोजी स्कूटरवर, पायांच्या मधे लोंगर धरून आले. शर्टभर चिकाचे डाग. दोघांनी उचलून तो सोफ्यावर टेकवला, मागे उशी दिली. कॅमेरा लावला. स्क्रीन काळी ठिक्कर!

बायको हात पुसत आली, वाकली. "हे काय वर लिहिलंय. या साइटला तुम्हीच ब्लॉक केलंय." तिने एक बटण दाबलं, आणि भावोजींचा सकाळचा, झाडावरच्या लोंगराचा फोटो झटक्यात चढला. सहा वाजायला अजून अवकाश होता!

"बघा भावोजी! म्हटलं नव्हतं?" मी टाळी वाजवली.

खाली हिरवी अक्षरं आली. बायकोने ती मोठ्याने वाचली. "नोंदणी झाली. परीक्षक उद्या सकाळी वाडीत येऊन झाडावरच्या लोंगराचं माप घेतील. तोपर्यंत लोंगर तोडू नये."

भावोजींच्या तोंडाकडे बघवेना. ते आधी सोफ्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे, पायापासून डोक्यापर्यंत.

"सुधीर," ते शांतपणे म्हणाले, "उद्या पहाटे वाडीत यायचं. लोंगर खांद्यावर घ्यायचा आणि केळीच्या जागी उभं राहायचं. परीक्षक जाईपर्यंत हलायचं नाही."

यावर माणूस काय बोलेल? माफी मागेल, निदान मान खाली घालेल?

मी विचारलं, "भावोजी, हिरवा शर्ट घालू का?"