विहिरीत उतरण्याआधी

पंचावन्न-छप्पनचा उन्हाळा असेल. वडनेरला आमच्या विहिरीत गाळ काढता काढता गडी बेशुद्ध पडला. खाली सोडलेला कंदील विझला, तसे सगळे मागे सरले. शेजारच्या वावरातून एक अनोळखी माणूस धावत आला. त्याने दोराला कडुनिंबाची डहाळी बांधून विहिरीतली कोंदलेली हवा घुसळली. कंदील पुन्हा सोडला. तो जळत राहिला. मग त्याने खिशातून कंगवा काढला आणि भांग पाडू लागला.

मी ओरडलो, "लग्नाले चालला का, बावा?"

"जा तं लागतेच, भाऊ. मंग रडकं तोंड घेऊन काऊन जाऊ? डोये उघडले, तं त्याले पयले माह्यंच तोंड दिसन."

दोघेही वर आले.

त्यानंतर दवाखान्यात कोणाच्या खाटेजवळ जायचं झालं, की दाराशीच माझा हात कंगव्याकडे जातो.