शेवंतीतला लाल दिवा

आमच्या लताआत्याला कुणी 'नवऱ्यानं टाकलेली' म्हटलं की ती खवळायची. "टाकली नाय, मी सोडला त्याला!" मखमलाबादच्या आमच्या मळ्यात ती शेवंती करायची. फुलं पंचवटीच्या बाजारात जायची.

दोन हजार पाचच्या सुमारास शेतीला वीज रात्रीच मिळायची. पाणी भरता भरता आत्याला आभाळाचा नाद लागला. आधी तिला कृत्तिकांचा नुसता झुबका दिसायचा. मग नजर तयार होत गेली. घरच्या दिव्याकडे पाठ करून ती बराच वेळ बसायची, डोळ्यांत अंधार मुरू द्यायची. "अंधुक तारा टक लावून बघितला का लपतो," मला सांगायची, "जरा बाजूला बघ, मंग येतो गुमान." रेडिओवर ऐकून तिने बॅटरीला ओटीतला लाल खण बांधला, कारण लाल उजेडाने डोळे दिपत नाहीत. आणि तारे बघायला अमावस्येसारखी रात्र नाही.

झालं! अमावस्या, एकटी बाई आणि शेवंतीत फिरणारा लाल दिवा. त्यात शेजारच्या सावळीरामची म्हैस आटली. त्याने थेट भानामतीच ठरवली. गावाला तेवढंच हवं होतं. पंचवटीतल्या हारवाल्याने फुलं परत पाठवली. असली फुलं देवाला चालत नाहीत म्हणे.

माझे वडील घाबरले. "लते, ते आभाळ सोड, नायतर मळा सोड."

"मळा माझ्या बी बापाचा हाय, दादा. अन् आभाळ कुणाच्याच बापाचं नाय."

मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. पुढच्या अमावस्येला दिवस मावळताना ती मारुतीच्या पारावर गेली आणि सगळ्यांसमोर बॅटरीला खण बांधला. "मी काय करते ते बघायचं असंल त्यानं यावं. न येणाऱ्यानं तोंड बंद ठेवावं."

पुरुष खाली बघत बसले. उठली ती यशोदाबाई, सावळीरामचीच बायको.

"कुठं निघाली?" तो ओरडला.

"म्हशीचं दूध शोधाया."

बांधावर यशोदाबाईला आधी काहीच दिसेना. आत्याने तिची हनुवटी धरून तोंड कृत्तिकांच्या जरासं बाजूला वळवलं.

"अगं बया! लय जणी हायेत की!" म्हणत ती हसत सुटली.

हारवाल्याने फुलं घेतली नाहीतच. आत्या स्वतः पाटी घेऊन गोदाकाठी बसू लागली.

पुढच्या अमावस्येला सावळीराम गोठ्यातून बघत होता. शेवंतीत आता दोन लाल दिवे फिरत होते आणि त्यातला एक त्याच्याच घरचा होता.