वन्संनी अंगावर घेतलेलं हळदीकुंकू

जसोंडीहून केळी घेऊन येणारा गाडीवान त्या दिवशी दाराशी आलाच नाही. शहरातल्या शनवारा भागात आमच्या घरासमोर त्यानं गाडी रस्त्यातच थांबवली, उपरणं नाकाशी धरलं आणि तिथूनच म्हणाला, "बाई, तुमच्या नणंदबाई सकाळी गेल्या. तिकडंच अग्नी दिला." खांदा कोणी दिला, असं मी विचारलं. त्यानं बैलांना चुचकारलं आणि गाडी वळवली... याला आता पाच आठवडे झाले.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि माहेरी आल्या, त्या कायमच्या. तोंडानं फटकळ. मीही काही कमी नाही, त्यामुळं आमचं रोज वाजायचं आणि एकमेकींवाचून करमायचंही नाही. यंदा तापाची साथ आली, गल्लीतली घरं एकेक करून बंद होऊ लागली, तेव्हा दवाखान्याच्या डॉक्टरांनी तोंडाला बांधायच्या पट्ट्या शिवून वाटायला सांगितलं. मोहल्ल्यातल्या विणकरांनी कापड असंच दिलं. आम्ही सातजणी ओसरीवर अंतर ठेवून शिवायला बसायचो. "बैलाच्या मुसक्यासारखं दिसतंय हे," मी म्हणायची. "बैल शहाणा, मुकाट बांधून घेतो," वन्सं म्हणायच्या. पंधरा दिवसांत सातजणींच्या आम्ही चौघी उरलो. रिकाम्या जागांकडं कोणी बघत नसे.

मग जसोंडीला पट्ट्या घेऊन मी जायचं ठरलं. ते माझं माहेर. वन्सं म्हणाल्या, "प्रत्येकीच्या ओट्यावर ठेव, हाक मार आणि मागं फीर." माझा पारा चढला. सवाष्णीला कोरं कापड द्यायचं तर तिला पाटावर बसवून, हळदकुंकू लावून, हातात साखर देऊन द्यायचं. कुत्र्याला भाकर टाकावी तसं टाकून यायचं?

"ताप काय सवाष्ण बघून येतो, सरू?"

"तुम्हाला काय कळणार हळदीकुंकवातलं," मी म्हटलं.

बोलून गेले खरी. त्याच वेळी माझी जीभ झडायला हवी होती. वन्संनी मान खाली घातली आणि शिवत राहिल्या. पुढं त्यांनी मला अडवलं नाही.

भावाच्या ओसरीवर तीसेक बाया जमल्या. कुंकू लावायचं, साखर खायची, मग तोंडाला पट्टी बांधून कोण बसणार? घडीची घडी साऱ्यांच्या मांडीवर. उखाणे झाले, हसणं झालं. मागं दोघी खोकत होत्या. त्यांनाही मी कुंकू लावलं आणि त्याच बोटानं पुढच्या बाईला. माझी वहिनी साखर वाटत फिरत होती... ते घर तसं भरलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

आठवडाभरात निरोप आला, वहिनी पडली आणि तिच्यामागं घरोघर अंथरुणं पडली. मी भिंतीला टेकून बसले. तिकडं जायला मी भ्याले. वन्संनी दोन लुगडी बांधली आणि पट्ट्यांचं गाठोडं घेतलं. "तू पोरांजवळ थांब. फिकर करू नको," एवढंच म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. वहिनीचं त्यांनी सगळं केलं. ती गेली, आणि चौथ्या दिवशी वन्सं.

भावाचं पत्र नंतर आलं. तुझ्या नणंदेनं इथं सगळ्यांसमोर कबूल केलं, हळदीकुंकवाचा हट्ट तिचाच होता, सरू नकोच म्हणत होती. विधवेच्या डोक्यातलं खूळ, त्यानं माझा संसार बुडवला, असं त्यानं लिहिलं होतं. पत्र वाचून मला आधी काय वाटलं ते सांगते. सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज मरेपर्यंत जाणार नाही.

परवा मी जसोंडीला पट्ट्या घेऊन गेले. ओट्यावर ठेवल्या, हाक मारली, मागं फिरले. एका दारामागून म्हातारी म्हणाली, "ती रांड आमच्या गावाला खाऊन गेली." मी ऐकलं आणि पुढच्या घरी गेले.

ओसरीवर खिडकीशी वन्संची जागा आहे. तिथं एक पट्टी अर्धी शिवलेली पडून आहे, तीन बंद लागलेत, चौथ्यासाठी सुई टोचून ठेवलीय. त्या जागी बसूनच हे लिहिलं. हळदीकुंकू माझं होतं. वन्सं नकोच म्हणत होत्या. जसोंडीत वाचता येणारा एक माझा भाऊच आहे. दादा, हे पारावर उभा राहून मोठ्यानं वाच, आणि मग मला माहेर उरलं की नाही ते कळव.