शीर न काढलेलं पान

लमायमावशीच्या अंगणातलं क्रातोमचं झाड तिच्या सासऱ्याच्या वेळचं. त्याची पानं चघळली की थकवा कळत नाही, म्हणून ती चघळून फिपून भागातले पुरुष भर उन्हात रबराच्या बागांतलं तण कापत. म्हणून तिकडच्या आया जावई पारखताना पगाराचं नंतर विचारतात, आधी विचारतात, "क्रातोम चघळतो का?" गांजावाल्याला पायरीवरूनच वाटेला लावतात. क्रातोमवाला तेवढा कष्टाळू. मावशीचंही तेच मत. एकुलती एक लेक युपिन एखाद्या ऐदोबाच्या पदरी पडली तर, या धास्तीनं तिला घास गोड लागत नव्हता.

आणि युपिननं पसंत केला तो चरून. तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात कामाला. मऊ हात, कडक इस्त्री.

"चघळतोस?" मावशीनं विचारलं.

"रोज, मावशी! त्याशिवाय चैनच पडत नाही."

मावशीनं टोपलीतलं सगळ्यांत निबर पान निवडून त्याच्या हातात दिलं. चरूननं ते देठासकट, मधल्या जाड शिरेसकट तोंडात कोंबलं आणि चोथ्यासकट गिळलं.

शेजारी चघळत बसलेल्या मावशीच्या भावाला, थविलमामाला, ठसकाच लागला. "अरे, शीर कोण काढणार? बकरीसुद्धा एवढी घाई करत नाही!"

थोड्या वेळानं चरूनला दरदरून घाम फुटला. तो खांबांवरच्या घराखाली ओकायला धावला आणि कोंबड्या कलकलाट करत पांगल्या.

"खोटारडा मेला!" मावशी म्हणाली.

"आई, तसं बोलायला मीच शिकवलं त्याला."

"मग शीर काढायलाही शिकवायचंस ना, सटवे!"

तेवढ्यात आभाळ भरून आलं. क्रातोम खाणाऱ्याला पावसाचा थेंब सोसत नाही, हाडं गारठतात म्हणे. थविलमामा घरात शिरला आणि डोक्यावरून चादर ओढून बसला. बाहेर बांबूवर रबराच्या चिकाचे थापलेले ताव वाळत होते.

"अरे, उचला कुणीतरी!" मावशी ओरडली.

चरून झोकांड्या खात, तोंड पुसत आला. इस्त्रीच्या शर्टाला ते वास मारणारे ताव कवटाळून त्यानं चार खेपा केल्या. शेवटच्या खेपेला तो नखशिखान्त भिजला होता.

मावशीला नवरा आठवला. क्रातोम चघळून उन्हात बैलासारखा राबायचा, पण दर पावसाळ्यात ताव उचलायला ती एकटीच धावायची. इतक्या वर्षांत हे कुणाला बोलून दाखवायचं सुचलंच नव्हतं.

तिनं चरूनकडे पंचा फेकला.

"आईबापांना घेऊन ये. आणि गावापुढे काय थापा मारायच्या ते हिला नको विचारूस. मला विचार."