आधी मोठं कोण?

लोहाऱ्याहून तुळजापूरला निघालेल्या एसटीत मी पत्रकं वाटत होतो. ‘कुणी वर नाही, कुणी खाली नाही’ असा ठळक मथळा होता. खिडकीशी बसलेल्या, माझ्याच वयाच्या मुलीनं पत्रक न वाचताच उलटलं. “दादा, मागून कोरं हाय. वापरू का?”

राग गिळून मी शेजारी बसलो. ती समीकरणं लिहीत होती. गाडी आदळली की हात अधांतरी धरायची, रस्ता सरळ झाला की तिथूनच पुढं. ती गणित शिकत होती. एकमेकांत गुंतलेल्या समीकरणांतून सुटणारी समीकरणं काढायची रीत असते. संगणक तीच वापरतो. ती हातानं करून बघत होती.

“आधी क्ष मोठा का य मोठा, ते ठरवावं लागतं,” ती म्हणाली. “त्याबिगर पुढं जाताच येत न्हाय.”

“म्हणजे तुमच्या गणितातही उच्च-नीच!” मी तडकलो.

ती हसली. “चिडता कशाला? कुणालाबी वर ठेवा, मग पायजे तर उलटं करा. समीकरणं येगळी दिसतील, मेहनत कमी-जास्त व्हईल. उत्तरं तीच राहत्यात.”

मला तिचा जळजळीत हेवा वाटला. गावच्या पंगतीत नेहमी शेवटी बसवतात त्यांना एकदा आधी बसवा म्हणालो, तेव्हा माझ्या भावाचं डोकं फुटलं होतं. इथं तिनं क्रमाची एक ओळ खोडून उलटी लिहिली. य वर गेला, आणि क्ष मुकाट्यानं खाली उतरला.